राज्याबाहेरच्या मुली

माझी आणि समोरच्या फ्लॅटमधल्या भाईची, अशा आमच्या दोघांच्या मुली एकाच वर्षी, एकाच इस्पितळात जन्मल्या. माझी आधी आणि त्याची पावसाळ्यात, असं तो म्हणायचा, कारण रत्नागिरीच्या माणसाला कुवेतमध्येही महिने पावसानेच मोजायची सवय होती. रुमैथियात एका कुवेती कुटुंबाच्या घराच्या वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट होते. एकात आम्ही, एकात ते. मी राई नावाच्या भागातल्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये हिशेब बघायचो. त्याचं अम्गरा या भंगारबाजाराच्या भागात जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकायचं दुकान होतं. मी त्याला भाई म्हणायचो आणि तो मला भाऊ. मी मूळचा परभणीकडचा, बायको पुण्याची. त्यांचं घर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका गावात.

मुली सातवी-आठवीत जाईपर्यंत पुढच्या शिक्षणाचा विषय आमच्याकडे फारसा निघत नसे. इथल्या सरकारी विद्यापीठात आपल्यासारख्यांच्या मुलांना जवळजवळ जागा नसते, आणि खासगी विद्यापीठं आपल्या आवाक्यातली नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. बारावी झाली की मुलं भारतात जातात. आपल्याही जातील. कुठे, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नावर आम्ही चार माणसांनी दोनेक वर्षं शुक्रवारच्या शुक्रवारी वाद घातला.

बायकोचं म्हणणं पुणे. ती तिथेच शिकली होती. विद्यापीठाच्या आवारातली झाडं, ग्रंथालयात जागा धरण्यासाठी सकाळी लावलेली रांग, हे सगळं ती अशा काही सुरात सांगायची की तिथे न शिकलेल्या माणसाला आपण शिकलोच नाही असं वाटावं. भाईचं म्हणणं मुंबई. तो स्वतः बारावीच्या पुढे गेला नव्हता, पण रत्नागिरीच्या ज्या कॉलेजात त्याने नाव घातलं होतं ते मुंबईच्या विद्यापीठाला जोडलेलं होतं, म्हणून त्याला ते आपलं वाटायचं. मुंबईत शिकलेल्या पोरीला नोकरी शोधावी लागत नाय, असं तो ठासून सांगायचा. मी आपला माझ्या मराठवाड्यातल्या विद्यापीठाची बाजू घ्यायचो. तिथे गर्दी कमी, मास्तर मुलांना नावानं ओळखतात, माझी आई बसने तीन-चार तासांवर. माझं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा पुणे-मुंबईवर यायचे. भाभी, म्हणजे भाईची बायको, बहुधा स्वयंपाकघरात असायच्या. झुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, तळता तळता त्या एखादं वाक्य टाकायच्या, तेही मुलींना जेवायला कधी वाढू एवढ्यापुरतं.

हे वाद गमतीत सुरू व्हायचे, पण दर वेळी गमतीत संपायचे असं नाही. एकदा बायको बोलता बोलता म्हणून गेली की मुंबईला मुली पाठवणाऱ्यांना मुलींची काळजी नसते. भाई हातातला ग्लास ठेवून उठला आणि पुढचे दोन शुक्रवार आलाच नाही. शेवटी मीच जाऊन त्याला घेऊन आलो. आल्यावर त्याने पहिला विषय काढला तो पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहांचा, आणि बायकोही हसली.

मुली नववीत होत्या तेव्हाची गोष्ट. माझा मेहुणा पुण्यात एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. त्याच्याशी फोनवर बोलताना बायकोने सहज विचारलं की इंजिनिअरिंगला प्रवेशाचं काय काय लागतं. त्याने विचारलं, दहावी कुठून करणार? ती म्हणाली, अर्थात इथूनच. मग त्याने समजावून सांगितलं की राज्याच्या जागा हव्या असतील तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. नाहीतर मुलगी राज्याबाहेरची धरली जाते. आई-बाप कुठले, घरात कोणती भाषा बोलतात, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

फोन स्पीकरवर होता. भाई समोर बसला होता. मेहुण्याचं बोलणं संपल्यावर तो बराच वेळ नखाखालचं काळं काढत राहिला. त्याच्या हाताला ऑइल कायमचं चिकटलेलं असायचं. मग म्हणाला, “म्हणजे आपण इतकी वर्षं भांडलो, आणि आपल्या पोरी या राज्याच्याच नाय.”

त्या संध्याकाळपासून वादाचं रूप बदललं. पुणे की मुंबई हे मागे पडलं. आता प्रश्न होता की मुलींना राज्यातल्या करायचं तर त्यांना दहावीच्या आधी तिकडे न्यावं लागणार, आणि मुली एकट्या कशा जाणार, म्हणजे आया जाणार. आणि आम्ही दोघं इथे राहणार, कारण आमच्या नोकऱ्या आणि धंदे इथे. बायकोने ते आठवड्याभरात ठरवून टाकलं. पुण्यात तिच्या माहेराजवळ भाड्याचं घर, मेहुण्याच्या ओळखीची शाळा. मी विरोध केला नाही. खरं तर मला पर्याय सुचला नाही.

भाभींना हे पटलेलं नव्हतं. त्या एकदाच मोठ्याने बोलल्या. ज्या बायकांना इथे आणायला इतकी वर्षं घालवली त्यांनाच मुलींसह परत पाठवायचं, आणि एकदा गेल्यावर परत येता येईल याची खात्री कोण देणार, असं त्यांनी विचारलं. भाई म्हणाला, येता येईल की, सुटीत येत जा. भाभी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मुलींना आम्ही शेवटी सांगितलं. दोघी आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसल्या होत्या. माझी मुलगी घरात मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीतच द्यायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बट आय ॲम फ्रॉम हिअर.” तिच्या आईने तिला समजावलं की इथलं कुणी आपल्याला इथलं म्हणत नाही. भाईची मुलगी जास्त समंजस होती, किंवा बापाच्या जास्त जवळ होती. तिने फक्त विचारलं की आम्ही दोघी एकाच गावात राहणार का. नाही, असं सांगावं लागलं. एक पुण्याला जाणार होती आणि दुसरी रत्नागिरीला, आजोळी. भाईचा हिशेब असा की बारावी तिथे करायची आणि मग मुंबई.

त्या गेल्यावर आम्ही दोघांनी एक फ्लॅट सोडला आणि एकाच फ्लॅटमध्ये राहू लागलो. घरमालकाने काही म्हटलं नाही, फक्त वरच्या मजल्यावर बायका-मुलं नाहीत म्हणताना जिन्याला वेगळं दार लावून घेतलं. त्याच्या नातींशी आमच्या मुली अंगणात खेळत मोठ्या झाल्या होत्या. आता आम्ही मागच्या दाराने ये-जा करायचो.

दोन मध्यमवयीन पुरुष एकत्र राहिले की घराची कळा जाते, ती आमचीही गेली. भाई स्वयंपाक बरा करायचा. मी भांडी घासायचो. जेवताना फोन मध्ये ठेवून दोघं आपापल्या घरी बोलायचो. माझ्या मुलीला शाळेत मराठी विषय लागला होता आणि तो तिला जमत नव्हता. वर्गात तिला मुलं कुवेत म्हणून हाक मारायची. रडली नाही कधी, पण फोन लवकर आईकडे द्यायची. भाईची मुलगी मात्र बापाला रोजचं सगळं सांगायची, कुठल्या विहिरीला पाणी आलं इथपासून.

भारतात गेलेल्यांना सहा महिन्यांच्या आत एकदा कुवेतमध्ये येऊन जावं लागतं, नाहीतर इथे राहण्याचा परवाना, ज्याला सगळे अकामा म्हणतात, तो आपोआप रद्द होतो. पहिल्या वेळी चौघीही आल्या. थोडे दिवस राहून गेल्या. दुसऱ्या वेळी दहावीच्या परीक्षेचा मोसम आला. बायको म्हणाली की मुलीचा अभ्यास बुडेल. भाभींनी रत्नागिरीहून विचारलं की काय करू. भाई माझ्याकडे बघत म्हणाला, आता मध्येच उठून कशाला यायचं, परीक्षा महत्त्वाची, नंतर बघू. सहा महिने उलटले. चौघींचे अकामे गेले. आम्हाला वाटलं, सुटीत व्हिजिटवर बोलावू. पुढे फॅमिली व्हिजिटचे व्हिसेच बंद झाले, आणि बंदच राहिले.

या सगळ्यात आमचं पुणे-मुंबई मात्र सुरूच होतं. आता त्याला धार राहिली नव्हती. डाळ-भात खाताना एकाने एका कॉलेजाचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने नाक मुरडायचं. भाई मुंबईतल्या कॉलेजांची माहिती दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारायचा. अम्गऱ्यात गिअरबॉक्स घ्यायला आलेल्या माणसाला मायक्रोबायोलॉजी कुठे चांगली आहे असं विचारणारा तो एकटाच असावा. त्याच्या मुलीला ते शिकायचं होतं. तो शब्द तो सावकाश, तुकडे पाडून म्हणायचा.

मुली बारावीत असताना जानेवारीत त्याला काही दिवस पित्त झाल्यासारखं वाटत होतं. थंडी होती, आकाश धुळीने मळकट झालेलं. मी त्याला दवाखान्यात जा म्हटलं. तो म्हणाला, शुक्रवारी जातो. बुधवारी दुपारी त्याच्या दुकानातल्या माणसाचा मला फोन आला. एका गाडीचं बॉनेट उघडून काहीतरी बघत असताना भाई खाली बसला आणि उठलाच नाही. मी राईहून निघालो. रस्ता जवळचाच, पण पोहोचेपर्यंत त्याला इस्पितळात नेलं होतं आणि तिथे गेल्यावर मला आत सोडायच्या आधीच डॉक्टर बाहेर आले.

मी भाभींना कळवलं. म्हणजे मी फोन केला, आणि तो त्यांच्या भावाने उचलला, आणि मी त्याला सांगितलं. मागून भांड्यांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

पुढचे निर्णय त्या भावाने आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी फोनवरच घेतले. देह गावी न्यायला कागदपत्रांसह बरेच दिवस लागणार होते. इतके दिवस थांबवणं त्यांना योग्य वाटत नव्हतं. मुसलमान माणसाला जिथे मरण आलं तिथेच माती मिळाली तर त्यात वाईट काही नाही, आणि ती जमीन तर आपल्याच धर्माची आहे, असं ते म्हणाले. मला त्यांचं बरोबर वाटलं. मी तसं म्हणालोही.

त्यानंतर तासाभराने त्याच्या मुलीचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती. घरात माणसं जमली असावीत.

“काका, अब्बांना इकडे आणणार ना?”

मी तिला मामांनी काय ठरवलं ते सांगितलं.

“मला कुणी विचारलं नाही.”

मी फोन घेऊन जिन्यात आलो.

“मग मी तिकडे येते. मला आणि अम्मीला तिकीट काढून द्या. मामा घेऊन येईल.”

“बेटा, तुझा अकामा नाही आता. आणि व्हिजिट मिळत नाही.”

“मी तिथेच जन्मलेय, काका.”

“हो.”

मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सुलैबिखातच्या कब्रस्तानात दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर त्याला पुरलं. रत्नागिरी आणि रायगडकडची बरीच माणसं आली होती. त्यांतल्या पुष्कळांना मी तोंडओळखीने ओळखत होतो. मी मागे उभा होतो. त्याच्या गावच्या एका म्हाताऱ्या माणसाने माझा हात धरून मला पुढे नेलं आणि माती द्यायला सांगितली. माती कोरडी होती, वाळूच ती. हातातून आपोआप निसटली. दूरवर हमरस्त्यावरून गाड्या जात होत्या. सगळं फार लवकर आटोपलं आणि माणसं आपापल्या कामावर गेली. मीही दुपारनंतर शोरूममध्ये जाऊन बसलो, कारण घरी जायचं धाडस होत नव्हतं.

त्याच दिवशी बायकोचा फोन आला. तिला सकाळी सगळं कळवलं होतं आणि ती खूप रडली होती. आता तिचा आवाज स्थिर होता. ती म्हणाली की मुलीला इतक्यात सांगायचं नाही. बारावीची प्रिलिम सुरू झाली होती, पहिला पेपर झाला होता. पेपर संपले की सांगू. मी म्हटलं, त्या दोघी एकमेकींशी बोलतात, तिला कळेलच. बायको म्हणाली की अभ्यासासाठी मुलीचा फोन तिने आधीच आपल्याकडे ठेवलाय. “तीन वर्षं कशासाठी काढली आपण?” असं तिने विचारलं. संध्याकाळी मुलीने आईच्या फोनवरून मला फोन केला, तेव्हा मी तिच्याशी गणिताच्या पेपरविषयी बोललो. काका कसे आहेत, असं तिने नेहमीसारखं विचारलं. बाहेर गेलाय, असं मी म्हणालो.

तिला कळलं ते प्रिलिम संपल्यावर, फोन हातात आला तेव्हा. भाईच्या मुलीने पहिल्या दिवशी एक निरोप पाठवला होता. मग आणखी काही. मग शेवटी, तू मुद्दामच बोलत नाहीस का, असा एक. मुलीने ते सगळे एका दमात वाचले. मग तिने मला फोन केला. ती माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलली, आणि चांगलं, पुण्याच्या मुलींसारखं स्वच्छ मराठी.

“बाबा, तू त्या दिवशी माझ्याशी वर्तुळाच्या गणितावर बोललास.”

मी म्हटलं, आईला वाटलं की…

“तू बोललास,” ती म्हणाली.

तिने भाईच्या मुलीला फोन केला की नाही, मला माहीत नाही. बायको म्हणते, केला होता, पण पलीकडून उचलला नाही.

भाईचं सामान मी आवरलं. शर्ट, चष्मा, नमाजाची चटई, भाभींनी पाठवलेल्या सुक्या आंब्याच्या फोडींची बरणी. दुकानाचा परवाना ज्याच्या नावावर होता तो कुवेती मालक सभ्य माणूस होता. त्याने जे द्यायचं ते रत्नागिरीला पाठवलं आणि दुकान दुसऱ्या माणसाकडे सोपवलं. महिन्याभरात अम्गऱ्यात त्याच्या नावाचं काही उरलं नाही.

त्या वर्षी परीक्षा दोघींनी दिली. माझ्या मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला राज्याच्या जागेतून प्रवेश मिळाला. बायकोने पेढे वाटले. मला फोटो पाठवला, त्यात मुलगी पेढ्यांच्या बॉक्सकडे बघतेय, कॅमेऱ्याकडे नाही. भाईच्या मुलीचे गुणही वाईट नव्हते, इतकं सगळं होऊनही. पण भाभी तिला मुंबईला पाठवायला तयार झाल्या नाहीत, आणि तिनेही आग्रह धरला नाही. तिने रत्नागिरीतच बी.एस्सी.ला नाव घातलं, घरापासून एसटीच्या अंतरावर. त्या प्रवेशाला राज्याची जागा, बाहेरची जागा, असं काही लागलंच नव्हतं. ती कुवेतमधून बारावी करून आली असती तरी तिला तिथे घेतलं असतं. हे मला मेहुण्याने सांगितलं, सहज बोलता बोलता. मी भाभींना सांगितलं नाही.

मी बायकोला विचारलं होतं की आता मुलगी वसतिगृहात राहू शकते, व्हिसे सुरू झाले की तू परत येतेस का. ती म्हणाली, बघू. तिने तिथे शिकवण्या घ्यायला सुरुवात केली आहे. तिच्या आईचं वय झालंय. घराला तिने नवीन रंग दिला, तो कुठला हे मला फोटोतून कळलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुटीवर गेलो तेव्हा मुलीला घेऊन रत्नागिरीला गेलो. ती यायला नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण ती निघाली. भाभी खूप वाळल्या होत्या. त्यांनी तांदळाची भाकरी आणि कालवण केलं, आम्हाला आग्रहाने वाढलं आणि स्वतः दारात बसून राहिल्या. दोघी मुली मागच्या पडवीत गेल्या. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. फारसं होतही नसावं. थोड्या वेळाने भाईची मुलगी एकटी माझ्याकडे आली आणि समोर बसली. डोळे बापासारखेच, जरा मिटलेले.

“काका, ती जागा कशी आहे?”

मी चांगली आहे म्हणणार होतो. तिच्याकडे बघितल्यावर म्हणालो, “सपाट आहे. वाळू आहे. झाडं नाहीत. छोटा दगड आहे डोक्याशी, त्यावर नंबर आहे.”

“नाव नाही?”

“मी गेलो तेव्हा नव्हतं.”

तिने मान हलवली. मग विचारलं की तिथून समुद्र दिसतो का. नाही, असं मी सांगितलं. समुद्र जवळच आहे, पण तिथून दिसत नाही. ती उठली आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

निघताना भाभींनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघी मुली एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, आणि मग भाईची मुलगीच पुढे झाली आणि तिने माझ्या मुलीच्या खांद्यावरची पिशवी नीट केली. तेवढंच.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली. घाट सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने ती बोलली.

“बाबा, तू तिकडे आता एकटाच राहतोस?”

“नाही. एकजण आलाय राहायला. केरळचा आहे.”

“कसा आहे?”

“चांगला आहे,” मी म्हणालो. “बोलत नाही फारसा.”

तिने मान डोलावली आणि पुन्हा बाहेर बघू लागली. पुणं येईपर्यंत ती झोपली नव्हती, पण डोळे मिटून होती, म्हणून मीही काही विचारलं नाही.